मदत हवी आहे: परदेशातील क्षेत्रभेटीवरून समुद्र न पाहिलेल्या मुलांसाठी पाठ कसा बांधावा?

नमस्कार. मी मूळची रत्नागिरीकडची असून सध्या जर्मनीच्या मध्यभागी, समुद्रापासून बऱ्याच दूर असलेल्या एका शहरात प्राथमिक शिक्षकांचा अभ्यासक्रम करत आहे. येथे प्राथमिक वर्गांना ‘साखउंटररिख्ट’ नावाचा विषय असतो, म्हणजे साधारण आपला परिसर अभ्यास. त्या विषयाचा भाग म्हणून आमच्या गटाने सप्टेंबरमध्ये डेन्मार्कच्या फानो बेटावर आठ दिवस क्षेत्रकार्य केले. त्यावर आधारित तीन तासिकांचे पाठ टाचण मला तिसरी-चौथीच्या वर्गासाठी लिहायचे आहे, आणि तेथेच गाडी अडली आहे.

ज्यांना ही जागा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नेदरलँड्सपासून जर्मनीमार्गे डेन्मार्कपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर किनाऱ्याला लागून वाडेन समुद्राचा उथळ पट्टा पसरलेला आहे. ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो आणि मैलोन्‌मैल वाळू व चिखल यांशिवाय काही दिसत नाही. नेदरलँड्स आणि जर्मनीतील भागाला २००९ मध्ये, तर डेन्मार्कच्या भागाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. फानो बेटावर एस्ब्येर्ग बंदरातून फेरीबोटीने बारा मिनिटांत पोचता येते. त्याच्या पश्चिमेला मोकळा समुद्र आणि रुंद पुळण आहे. आमचे काम पूर्वेच्या चिखलपट्टीवर होते.

पहिल्याच दिवशी अर्धा मीटर लांबीरुंदीची लाकडी चौकट चिखलावर टाकून आतील प्रत्येक गोष्ट मोजायची होती. माझ्या चौकटीत शेवयांच्या वेटोळ्यांसारखे वाळूचे सात ढीग होते, म्हणजे चौरस मीटरला अठ्ठावीस. प्रत्येक ढिगापासून थोड्या अंतरावर वाळूत एक लहानसा खळगा होता. फावड्याने खणल्यावर वीतभर खालून बोटाएवढा जाड, तपकिरी किडा निघाला. जर्मन लोक त्याला ‘वाटवुर्म’ म्हणतात. तो खळग्याच्या बाजूने वाळू गिळतो, तिच्यातील अन्नकण पचवतो आणि उरलेली वाळू दुसऱ्या टोकाने वर टाकतो. असा एक किडा वर्षाला सुमारे २५ किलो वाळू उपसतो. वरच्या पिवळसर थराखालची वाळू काळी होती आणि तिला सडक्या अंड्यांचा वास येत होता, कारण तेथे प्राणवायू पोचत नाही. किड्याच्या बिळाभोवती मात्र त्या काळ्या वाळूतही पिवळसर कडे दिसत होते.

हे सारे मी वहीत लिहिले होते, असा माझा समज होता. परत आल्यावर मार्गदर्शक प्राध्यापिकांनी वही चाळली आणि म्हणाल्या, ‘यात नावे पुष्कळ आहेत, पण तुम्हाला पडलेला एकही प्रश्न नाही.’ वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे खरे होते. कालवे (ऑयस्टर) दिसली की ‘कालवे’ असे लिहून मी पुढे गेले होते. ती मूळची पॅसिफिक महासागरातील आहेत आणि तेथील शिंपल्यांच्या वसाहतींवर पसरत चालली आहेत, हे मला सोबतच्या मुलीच्या वहीतून कळले. लहानपणापासून समुद्र पाहिलेला असला की पाहण्याचा आळस येतो, हे मला तेथे समजले.

माझ्या वहीत खरा प्रश्न एकच सापडला, आणि तो भरतीच्या वेळेचा आहे. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत असत: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी फानोला मोबाइलमधल्या पंचांगावरून तसाच हिशेब केला आणि तो कित्येक तासांनी चुकला. दुसऱ्या दिवशीही चुकला, परंतु जवळजवळ तितक्याच तासांनी. पाचव्या दिवशी तर भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील तक्ताही खोटा ठरला, कारण पश्चिमेचा जोरदार वारा पाणी किनाऱ्याकडे लोटत होता. ओहोटीची वेळ झाली तरी आमची चिखलपट्टी पाण्याखालीच राहिली आणि दिवसाचे काम बुडाले.

म्हणून मला पुढील बाबतींत जाणकारांची मदत हवी आहे. समुद्र कधीच न पाहिलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना भरती-ओहोटी वर्गात कशी अनुभवता येईल? पाऊणकीचा हिशेब या वयाला झेपेल का, की तो केवळ माझ्या हौसेपोटी पाठात घुसतो आहे? आणि रविवारच्या मराठी वर्गासाठी हाच पाठ मराठीत करताना वाटवुर्मला काय म्हणावे?

प्रतिसाद १

ताई, किड्याला ओढूनताणून संस्कृत नाव देऊ नका, एवढीच विनंती. मुलांना तो चित्रात दाखवा आणि त्यांनाच नाव ठेवू द्या. जर्मन नाव नंतर सांगितले तरी चालेल.

प्रतिसाद २

ताई, मी रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या शाळेत बरीच वर्षे परिसर अभ्यास शिकवला आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपला पाऊणकीचा हिशेब अजिबात गाळू नका. तोच आपल्या पाठाचा कणा आहे. तो चुकला ते ठिकाणामुळे. आजोबांचा आडाखा आपल्या किनाऱ्यापुरता बसवलेला आहे, कारण आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण बाराच्या सुमारास येते. उत्तर समुद्रात अटलांटिकची भरती स्कॉटलंडच्या उत्तरेकडून शिरते, ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरते आणि नेदरलँड्स व जर्मनीचा किनारा धरून डेन्मार्ककडे वर चढते. त्यामुळे वाटेतील प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते. चंद्रामुळे रोज होणारा उशीर मात्र सर्वत्र सारखाच, म्हणूनच आपली चूक रोज तेवढीच राहिली. शिवाय तेथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असतात, तो तासही आपल्या फरकात मिसळलेला असणार. आणखी एक बारकावा सांगतो: पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, परंतु प्रत्यक्षात भरती तिथीगणिक दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे पुढे सरकते. म्हणून पाऊणकीने पंधराव्या तिथीला सव्वाअकरा येतात, तर दोन घटकांनी बरोबर बारा.

चौथीच्या मुलांना तिथी शिकवण्याची गरज नाही. त्यांना पंधरा दिवस रोज चंद्राचे चित्र काढायला लावा आणि शेजारी एस्ब्येर्गच्या तक्त्यातील भरतीची वेळ लिहायला सांगा. ती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक सरकते, हे आठवड्याच्या आत कोणीतरी ओरडून सांगेल. तोपर्यंत आपण तोंड उघडू नये, हे फार अवघड असते. चिखलपट्टीसाठी पसरट ट्रेमध्ये वाळू उतरती रचून एका कडेने पाणी ओतावे व काढावे. वाळूत बोटाने चर पाडून ठेवलात तर मुलांना दिसेल की पाणी आधी चरांत भरते आणि उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाची परतीची वाट मागून बंद होते. ओहोटी संपण्याआधीच मागे का फिरायचे, हे सांगावे लागणार नाही. वाऱ्यासाठी पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. ट्रेमधले पाणी एका बाजूला किंचितच चढेल, पण पाचव्या दिवशीची आपली फजिती सांगायला तेवढे पुरेसे आहे.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. घड्याळ तासभर पुढे असते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. काल रात्री सर्व आठ दिवसांच्या वेळा दोन घटकांच्या हिशेबाने पुन्हा मांडल्या आणि तो तास वजा केला, तेव्हा फरक रोज जवळपास एकसारखा निघाला; केवळ पाचवा दिवस वेगळा पडला, कारण त्या दिवशीची वेळ मी तक्त्यातून न घेता काठावर उभी राहून टिपली होती. तो दिवस आकडेवारीतून काढून टाकण्याचा माझा विचार होता. आता तिसऱ्या तासिकेची सुरुवात त्याच आकड्याने करते आणि तो रांगेत का बसत नाही हे मुलांना विचारते. ट्रेचा प्रयोग या शनिवारी घरी करून पाहीन आणि वाळू कोणत्या उताराला टिकते ते येथे कळवीन.