तिसऱ्यांदा तोच घोटा मुरगळला, एक्सरे नॉर्मल पण पाय दगा देतोय. मदत हवी आहे

केळीबाग:
नमस्कार मंडळी. मी चोपड्याकडचा, वय 22, पोलीस भरतीची तयारी चालू आहे आणि संध्याकाळी गावात कबड्डी. मैदान नाही म्हणून कपाशी उपटलेल्या वावरात सोळाशे मीटर पळायची प्रॅक्टिस करतो, आणि काळ्या मातीला आता अशा भेगा पडल्यात की पंजा आत जाईल. साडेतीन आठवड्यांपूर्वी तिथंच उजवा पाय आत वळला, कट्कन आवाज आला, खालीच बसलो. दहा मिनिटात बाहेरच्या घोट्यावर लिंबाएवढी सूज. आजी म्हणे "चोयी टाक, उतरी जाई" आणि मीपण येडा, गरम तेलाने चोळून घेतला, वरून विटेचा शेक. सकाळी पाय हत्तीचा, काळानिळा पार बोटांपर्यंत.

तालुक्याला दाखवलं, एक्सरेत हाड ठीक, क्रेप बँडेज, गोळ्या आणि "आराम करा". किती आराम ते कोणी सांगितलं नाही. आता सूज गेली, सपाटीवर चालतो, पण बांधावरून जाताना पाय आपोआप कलंडतो. दोन वर्षात ही तिसरी वेळ. मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 मार्क सोळाशेलाच आहेत हो, घरी बसून कसं चालेल? एमआरआय काढू का? पळायला सुरुवात करू का?

रेडर_07:
भाऊ मालिश पहिल्यांदा बंद कर. माझंही असंच झालेलं, सूज उतरली की मॅटवर, की परत अँकल होल्डमध्ये तोच पाय.

तापीकाठ_फिजिओ:
इथे बसून निदान होत नाही, पण थोडं सांगतो. त्या दिवशी चार पावलं टाकता आली होती का? कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये नियम मांडले, एक्सरे कोणाला लागतो ते ठरवायला: चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेला खालच्या 6 सेंमीत दाबल्यावर दुखत असेल, किंवा करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी. तुझा एक्सरे झालाय, ठीक. पण एक्सरेत लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, दिसत नाहीत ना. पाय आत वळला की घोट्याच्या पुढे-बाहेरचा एटीएफएल नावाचा पट्टा आधी ताणतो किंवा फाटतो. तो ढिला झालाय का हे हाताने पाय पुढे ओढून बघतात, पहिल्या दिवशी सूज-दुखण्यात नीट कळत नाही, चार-पाच दिवसांनी कळतं. ते तुझं राहून गेलेलं दिसतंय, करून घे. एमआरआयची घाई नको, व्यायामाने फरक पडला नाही किंवा सांध्याच्या आत खोल दुखत राहिलं तर बघू.

आज घरी तीन गोष्टी कर. डोळे मिटून अनवाणी एका पायावर किती सेकंद. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो तेव्हा अंगठा भिंतीपासून किती लांब. एका पायावर टाच किती वेळा वर. दोन्ही पायांचे आकडे टाक. आणि पोटरीच्या मधोमध दोन्ही हाडं दाबून बघ, घोट्याच्या वर कळ आली तर गोष्ट वेगळी, त्याला जास्त वेळ लागतो.

केळीबाग:
चार पावलं लंगडत टाकली होती. पोटरी दाबून काही नाही. एका पायावर: डावा 24 सेकंद, उजवा 5!! भिंत: डावा 11 सेंमी, उजवा 6. टाच: डावा 25, उजवा 9 वर थरथरायला लागला. मला वाटायचं पाय बरा झालाय.

तापीकाठ_फिजिओ:
बघ. दुखणं गेलं पण ताकद आणि तोल आलाच नाही, म्हणून बांधावर कलंडतो. सायकलची जुनी ट्यूब पंज्याला अडकव आणि पाय बाहेरच्या बाजूला ओढ, रोज. टाच उचलणं, भिंतीचा स्ट्रेच, एका पायावर उभं राहणं आधी जमिनीवर मग घडी केलेल्या गोधडीवर. आकडे डाव्याच्या जवळ आले की सपाट रस्त्यावर सरळ हळू पळ, मग एका पायावर उड्या, मग आठच्या आकड्यात पळणं. वावर आणि रेड सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी मागे. किती दिवस ते कॅलेंडर नाही सांगणार, उजवा पाय सांगेल.

केळीबाग:
रात्रीची लाईट असते, पाणी भरायला जातोच, मोटार चालू असेपर्यंत एका पायावर उभा राहतो 😄 आजी बघून म्हणते बगळा झाला पोरगा. घोट्याला आधाराचा ब्रेस घेऊ का?

तापीकाठ_फिजिओ:
घे, खेळताना लावायचा. दोरीवाला किंवा पट्ट्यांचा, नुसता मोजा नको. व्यायाम मात्र ब्रेस काढून. आणि मोटारीपाशी ओल्यात उभा राहू नको बाबा, कोरड्या जागी.