मदत हवी आहे : मुलांना चुंबक आणि घासलेला फुगा दाखवायचाय, निम्मं जमतच नाहीये

गोंधळलेली_मावशी
परवा सकाळी मुलांना "हात न लावता वस्तू कशा हलतात" ते दाखवायचं कबूल करून बसलेय. चुंबकाचं ठीक आहे, टाचण्या ओढतो, पोरं खूश. पण कंगव्याने कागदाचे कपटे उचलायला गेलं तर कपटे ढिम्म. पंधरा वेळा केस विंचरले, डोकं दुखायला लागलं पण एक कपटा हलला नाही. वर रंगीत तालमीत एका पोरीने विचारलं, मावशी म्हणजे फुग्यात पण चुंबक असतो का? मी घाईत "हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळी झाले. आता ते कसं निस्तरू? आणि खरं सांगायचं तर न शिवता ओढतो कसा हे मलाच धड सांगता येत नाही. प्लीज लवकर सांगा.

निवांत
मुलं किती वर्षांची? किती जण?

प्रयोगवेडा
कंगवा सोडा हो ताई, नळाची धार घ्या. बारीक धार सोडायची, घासलेला फुगा जवळ न्यायचा, धार वाकते. मी भाच्यांना दाखवलं होतं, तासभर नळ सोडेनात.

तिरकस
यांनी कंगव्याचं विचारलंय आणि तुम्ही नळावर. फुगा चार्ज झाला, म्हणजे घासून त्यावर वीज साठली, तर धार वाकेल ना, इथे चार्जच होत नाहीये.

गोंधळलेली_मावशी
सहा ते नऊ वर्षांची, बारा जण. फुगासुद्धा भिंतीला चिकटत नाहीये, पडतोच.

माजी_मास्तर
हवा कशी आहे तिकडे? पाऊस वगैरे?

गोंधळलेली_मावशी
तीन दिवस धो धो. त्याचा काय संबंध?

माजी_मास्तर
सगळा संबंध त्याचाच. हवेत ओल असली की कंगव्यावर, फुग्यावर, सगळीकडे पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि साठलेला चार्ज त्यावरून निसटून जातो. कोरड्या दिवसात हाच प्रयोग पहिल्या फटक्यात होतो. मी वर्गात पावसाळ्यात स्थिर विद्युत शिकवायचंच टाळायचो, धडे मागेपुढे करून घ्यायचो. खिडक्या बंद करा, फुगा आणि कपटे हेअर ड्रायरने गरम करून घ्या, हात कोरडे ठेवा, केसांऐवजी लोकरीच्या कापडावर घासा.

निवांत
केसांना तेल आहे का मावशी? तेलकट केसांवर काही होणार नाही.

गोंधळलेली_मावशी
आहे थोडं. पण हा कंगवा चांगला आहे, जुना लाकडी आहे, केस अजिबात तुटत नाहीत.

तिरकस
लाकडी!!! आणि हे आत्ता सांगताय?

गोंधळलेली_मावशी
कंगवा म्हणजे कंगवा ना.

प्रयोगवेडा
नाही ना ताई. प्लास्टिकचा घ्या. लाकूड आधीच ओल धरून बसतं, त्यावर चार्ज टिकत नाही. त्यापेक्षा मी सांगतो ते करा, चिकटपट्टी. पावसातसुद्धा बऱ्यापैकी चालते. विताएवढी एक पट्टी टेबलावर चिकटवा, तिच्यावर बरोबर दुसरी चिकटवा, दोन्हींच्या टोकाला पकडायला कागदाची घडी ठेवा. मग जोडी एकत्र उचला, वरच्या गुळगुळीत बाजूवरून हळूच बोट फिरवा म्हणजे आधीचा चार्ज जाईल, आणि मग झटक्यात एकमेकींपासून सोडवा. दोन्ही लोंबत धरून जवळ आणल्या की धावत येऊन चिकटतात. अशा दोन जोड्या करा आणि वरच्या-वरच्या पट्ट्या समोरासमोर धरा, त्या एकमेकींना ढकलतात. ओढणं आणि ढकलणं दोन्ही झालं, आणि प्रत्येक मुलाच्या हातात देता येतं.

माजी_मास्तर
हे मात्र बरोबर आहे. नुसता कपटे उचलण्याचा प्रयोग अर्धाच असतो कारण त्यात ढकलणं सहसा दिसतच नाही. दिसलंच तर ते असं: एखादा कपटा कंगव्याला चिकटतो आणि क्षणभराने उडून पडतो. त्याने कंगव्याचाच चार्ज घेतलेला असतो आणि सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात. हे मुलांना हळू आवाजात, नाक जवळ नेऊन बघायला सांगा.

फावला_वेळ
कुणी चुंबकाबद्दल बोलतच नाहीये. माझ्या आईच्या गुडघ्याला चुंबकाचा पट्टा बांधतो आम्ही, रक्तात लोह असतं ना, ते खेचलं जाऊन रक्ताभिसरण सुधारतं. मुलांना हेही सांगा, उपयोगाची माहिती आहे.

तिरकस
नका सांगू. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये असतं, खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. रक्त असं ओढलं जात असतं तर एमआरआयच्या प्रचंड जोरदार चुंबकाच्या मशीनमध्ये माणसाचं काय झालं असतं?

फावला_वेळ
आईला बरं वाटतं, एवढंच मला माहितीय.

निवांत
वेगळा धागा काढा दोघांनी. मावशी, त्या पोरीच्या प्रश्नाचं सांगते. तिला उत्तर देऊ नका, दोन वस्तू द्या: ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बारीक तुकडा आणि लोखंडी टाचणी. चुंबक फॉइलला नेला तर काहीच होत नाही. घासलेला फुगा नेला तर फॉइल उडी मारून येते. मग तीच म्हणेल की फुग्यात चुंबक नाहीये. तुम्ही चुकीचं बोललात तेही सरळ सांगा, मुलांना मोठ्यांची चूक पकडायला फार आवडतं.

माजी_मास्तर
वा. याच गोंधळातून बाहेर यायला माणसांना शेकडो वर्षं लागली. घासलेला अंबर (झाडाच्या राळेचा दगड झालेला खडा) आणि चुंबक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने 1600 साली नीट प्रयोग करून मांडलं. एका पोरीने पाच मिनिटांत विचारलं म्हणजे प्रश्न भारीच आहे.

गोंधळलेली_मावशी
फॉइलचं आत्ता करून बघितलं, ड्रायरने फुगा गरम करून. उडाली!! पण "न शिवता कसं" त्याचं काय? मी सांगणार होते की चुंबकाला अदृश्य हात असतात.

प्रयोगवेडा
छान आहे, मुलांना पटतं.

तिरकस
अजिबात छान नाही. सहा वर्षांचं पोर हात म्हटलं की हातच शोधणार. मग विचारणार बोटं किती.

प्रयोगवेडा
अहो कल्पना म्हणून सांगायचं. सगळंच शास्त्रशुद्ध बोललो तर झोपतील.

माजी_मास्तर
तिरकस यांच्याशी सहमत, कधी नव्हे ते. न्यूटनलासुद्धा हे खुपत होतं, गुरुत्वाकर्षणाबद्दल का होईना. मधे काहीही नसताना एक वस्तू दुसरीवर लांबून परिणाम करते ही कल्पना त्याने 1693 च्या एका पत्रात निव्वळ हास्यास्पद ठरवली होती. पुढे फॅरेडे या शास्त्रज्ञाने चुंबकाभोवतीच्या जागेकडेच बघितलं, की जागाच बदललेली असते आणि टाचणी त्या बदललेल्या जागेत येते. त्यालाच आपण क्षेत्र म्हणतो. मुलांना शब्द नको, ती जागा दाखवा. पारदर्शक बाटलीत पाणी आणि लोखंडाचा कीस घाला, झाकण घट्ट लावून बाहेरून चुंबक फिरवा. कीस रेषांमध्ये उभा राहतो. उघडा कीस देऊ नका, डोळ्यात जातो.

निवांत
माझं आवडतं म्हणजे तरंगती यू-पिन. यू-पिनला दोरा बांधून दोरा टेबलाला चिकटवा, वर चुंबक असा बांधा की पिन त्याला टेकायच्या थोडी आधी हवेत ताणून राहील. मधली रिकामी जागा डोळ्याला दिसते. त्या फटीतून कागद सरकवा, काही होत नाही. प्लास्टिक, तरीही काही नाही. पातळ लोखंडी पत्रा सरकवला की पिन धपकन पडते. पत्रा चुंबकाला चिकटतो का ते आधी तपासा, सगळं स्टील चिकटत नाही. फक्त मुलांना आधी विचारा, काय होईल, मगच सरकवा.

ढवळाढवळ
खरं तर आपण काहीच शिवत नाही. हाताने टेबल दाबलं तरी इलेक्ट्रॉनच इलेक्ट्रॉनला ढकलतात. मग "न शिवता" हा प्रश्नच चुकीचा आहे.

तिरकस
धन्यवाद, आता परवा सकाळी बारा पोरं टेबलाला हात लावायला घाबरतील.

प्रयोगवेडा
एक महत्त्वाचं राहिलं. ते छोटे चकचकीत निओडिमियमचे, म्हणजे फार जोरदार चुंबकाचे गोळे आणू नका. दोन पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना धरून ठेवतात आणि मधली जागा चिमटते, ऑपरेशनची वेळ येते. मोठे, रिंगचे घ्या आणि शेवटी मोजून परत घ्या.

गोंधळलेली_मावशी
मोजून ठेवले, आठ आहेत. नवा प्लास्टिक कंगवा आणलाय.

*(दोन दिवसांनी)*

गोंधळलेली_मावशी
झालं एकदाचं. कंगव्याने शेवटपर्यंत दगाच दिला, दोनच कपटे हलले. पण चिकटपट्टी चालली, पोरं एकमेकांच्या पट्ट्या पळवत होती. पत्रा सरकवायच्या आधी विचारलं, बारापैकी अकरा म्हणाले पिन पडणार नाही, आणि पडल्यावर जो आरडाओरडा झाला! सगळ्यांनी आपापल्या हाताने परत परत पाडून बघितली. अदृश्य हात म्हणाले नाही मी. त्या पोरीला "मी चुकले होते" सांगितलं तर ती म्हणाली मला माहीतच होतं. मग तिने विचारलं की चुंबक सारखा ओढत असतो तर दमत नाही का. तिथे मी परत अडकलेय.

माजी_मास्तर
नुसतं धरून ठेवायला ऊर्जा खर्च होत नाही. तिला विचारा, भिंतीतला खिळा इतकी वर्षं चित्र धरून आहे, तो दमतो का? हां, चुंबक खूप तापवला किंवा सारखा आपटला तर तो कमजोर होतो.

गोंधळलेली_मावशी
विचारलं. म्हणाली, दमत नाही, गंजतो.