मदत हवी आहे: जुन्या मियाटात ओरिजिनल स्टिरिओ परत जोडायचाय

मंडळी, 1992 ची माझदा मियाटा आहे, आधीच्या मालकाने बाहेरचा सेट बसवताना मूळ कपलरच (वायरी जोडायचा प्लग) कापून टाकलाय आणि आता मला ओरिजिनल कॅसेटवाला सेट मिळालाय तर तोच लावायचाय. बाहेरच्या सेटला पिवळी कायम 12 व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची हे ठरलेलं असतं, पण गाडीच्या वायरींचे रंग वेगळेच आणि डॅशमागे नुसता चिकटटेपचा गुंता (टेप मारणाऱ्याला साष्टांग नमस्कार!). मल्टिमीटरने सप्लाय आणि अर्थ सापडले, स्पीकरच्या वायरींच्या जोड्यांचं काय? दारातल्यांना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून स्पीकरचा कोन (पडदा) बाहेर येतो का बघता येईल, पण हेडरेस्टमधले दिसतच नाहीत, त्यांची पोलॅरिटी (प्लस-मायनस) कशी ओळखता? आणि वायरी जोडायला सोल्डर (डाग देऊन) की क्रिम्प (कनेक्टर दाबून)? डायग्राम असेल तर प्लीज टाका.