'मी बघून शिकणारा' हा शिक्का हवाच कशाला?

शाईदौत : तुम्ही कसे शिकता: बघून, ऐकून, वाचून-लिहून की करून? शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांच्या, शिकण्याची 'शैली' सांगणाऱ्या 'वार्क' प्रश्नावलीतली ही विभागणी १९९२ पासून रुळली आहे. पण पोरं चार प्रश्न भरतात आणि 'मी व्हिज्युअल लर्नर, मला वाचून जमत नाही' म्हणून मोकळी होतात! आवडनिवड असते, मान्य. आवडीच्या पद्धतीने शिकवलं तर जास्त शिकतात का, हा खरा प्रश्न. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. तसा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

खडूफळा : पुरावा नाही म्हणजे खोटं, असं नसतं हो. मी वर्गावर शिकवते. काहींना नुसतं सांगून कळतं, काहींच्या डोक्यात आकृती काढल्याशिवाय काही शिरत नाही. संशोधकांना विचारून खडू उचलू का?

शाईदौत : उचला की, पण सगळ्यांसाठी! हृदयातला रक्तप्रवाह आकृतीशिवाय कोणालाच धड कळत नाही आणि परक्या भाषेतले उच्चार ऐकल्याशिवाय येत नाहीत. पद्धत विषयावरून ठरते. 'ऐकून शिकणाऱ्या'ला काय नकाशा वाचून दाखवणार?

उजळणी : भांडा खुशाल, पण अभ्यास कसा करायचा ते कुणीच सांगेना. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. वाचलं की 'येतंय' वाटतं, तिथेच फसगत होते.

खडूफळा : हे मी वर्गात करून घेते, वाद नाही. पण डिस्लेक्सिया असलेल्या मुलीला धडा ऐकवला की ती फटाफट उत्तरं देते. तिलाही कोरा कागदच देऊ?

शाईदौत : तिला ऐकवायलाच हवं. पण ती तिची 'शैली' नव्हे. तिला वाचनात अडचण आहे आणि ऐकवून तुम्ही वाट मोकळी करता. आठवायचं काम तिलाही चुकत नाही, तोंडी करू दे.

खडूफळा : तोंडी चालेल. पण अशा मुलीला 'तू ऐकून छान शिकतेस' म्हटल्यावर जो हुरूप येतो, तो तुमच्या संशोधनात कुठे मोजलाय?

उजळणी : हुरूप येतोच. फक्त त्याच वाक्याने शेजारचा पोरगा पुस्तक कायमचं मिटतो, तेही मोजा.