अमेरिकेतले फीडलॉट मक्याचा पट्टा सोडून टेक्ससच्या माळावर का गेले?

कोरडवाहू (प्रश्न)
दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत गुरं पोसून कत्तलखान्याला देण्याचा धंदा मुख्यतः आयोवा, इलिनॉयच्या शेतकऱ्यांकडे होता. मका घरचा, हिवाळ्यात हात रिकामे, दावणीला शे-दोनशे जनावरं. १९७० च्या सुमाराला मात्र टेक्ससचा पॅनहँडल (राज्याचं उत्तरेकडचं टोक) आणि पश्चिम कान्सासमध्ये दहा-दहा हजार जनावरांचे वाडे, म्हणजेच फीडलॉट, दिसतात. तिथे तर मुख्य धान्य ज्वारी. 'ओगलाला (त्या माळाखालचा मोठा भूजलसाठा) आणि सिंचन' हे ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं, पाणी आयोवातही होतंच की. मग नेमकं काय घडलं? आणि ज्वारीवर एवढं वजन चढतं कसं?

गव्हाण
पाण्यापेक्षा पाऊस नसणं महत्त्वाचं. पॅनहँडलमधल्या अमरिलोला वर्षाला जेमतेम ५०० मिमी पडतो आणि बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट. म्हणून छप्पर लागत नाही. जनावरामागे १४ ते २३ चौरस मीटर उघडी जमीन, २ ते ४ टक्के उतार, मध्ये मातीचा उंचवटा, गव्हाणीमागे तीनेक मीटर काँक्रीट (सगळ्यात आधी चिखल तिथेच होतो), झालं. ओल्या प्रदेशात हाच वाडा चालत नाही. १०-२० सेंटीमीटर चिखलातही जनावराचं खाणं ५ ते १५ टक्के घटतं, आणि जे खातं त्यातलं बरंच अंग गरम ठेवण्यात जातं.

दुसरं म्हणजे कुंपणालगतची गव्हाण. वजनकाटा बसवलेला, खुराक कालवणारा मिक्सर ट्रक रस्त्यावरून जाता जाता खुराक ओततो. दिवसातून दोन-तीन वेळा ओतला तर सगळ्यांनी एकदम तोंड घालायची गरज नाही, डोक्यामागे २५-३० सेंटीमीटर गव्हाण पुरते. एका ट्रकवर हजारो जनावरं भागतात. शे-दोनशे जनावरांसाठी तो ट्रक आणि फीड मिल घेणं परवडतच नाही.

आता ज्वारी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात संकरित वाण आले आणि विहिरींच्या पाण्यावर उतारा एकदम वाढला. पण ज्वारीचा दाणा बारीक आणि कठीण, आतला स्टार्च प्रथिनांच्या जाळीत अडकलेला. नुसती भरडून घातली तर बरीचशी शेणात दिसते. १९६० च्या दशकात ॲरिझोनातल्या कामातून वाफवून दाबण्याची पद्धत रुळली. दाणा उभ्या टाकीत ३०-४० मिनिटं वाफेवर ठेवायचा आणि गरम असतानाच जड रोलरमधून काढायचा. ज्वारीचे पोहेच म्हणा. लिटरला साधारण ३६० ग्रॅम भरेल इतपत पातळ. मक्याला या प्रक्रियेचा फायदा होतो, ज्वारीला त्याहून जास्त. बॉयलरला आणि विहिरीच्या इंजिनालाही पॅनहँडलचा नैसर्गिक वायू स्वस्तात मिळत होता, हे नकाशावरून लक्षात येत नाही.

बिघडतं ते इथेच. पापडी (हा दाबलेला दाणा) फार पातळ झाली की कोठीपोटात (जनावराच्या पोटाचा पहिला, आंबवणारा कप्पा) स्टार्च झपाट्याने आंबतो, पीएच ५.६ खाली जातो, आम्लता होते, पुढे यकृतात गळू. रोलर एका टोकाला झिजला की अर्धी पापडी जाड, अर्धा भुगा. म्हणून प्रत्येक पाळीत माप घेऊन वजन करतात.

हिशेबनीस
गव्हाण यांचं तांत्रिक बाजूचं पटलं, पण वाडा उभा करायला पैसा लागतो आणि आत उभ्या जनावरांना त्याहून जास्त. फीडलॉटवाल्यांनी तो प्रश्न जनावरं विकत न घेऊनच सोडवला! 'कस्टम फीडिंग'मध्ये मालक दुसराच असतो: रँचवाला, पॅकर (कत्तल करून मांस विकणारा कारखानदार), नाहीतर शहरातला डॉक्टर-वकील. वाडा खुराकावर थोडा नफा आणि डोक्यामागे रोजचं भाडं घेतो. बाजार पडला तर नुकसान मालकाचं. वाड्याला चिंता एकच, खण रिकामे राहता कामा नयेत.

डॉक्टर-वकील आले ते करापोटी. रोख पद्धतीच्या हिशेबात डिसेंबरमध्ये पुढचा खुराक आगाऊ घ्या, यंदाच्या उत्पन्नातून वजा करा, विक्री पुढच्या वर्षी. तेव्हा पुन्हा तेच. १९७६ च्या कर कायद्याने ही वाट बरीच अरुंद केली.

कोरडवाहू
म्हणजे गुरांच्या भावाची १९७३-७४ ची पडझड या बाहेरच्या पैशामुळे का?

हिशेबनीस
फक्त त्यामुळे नाही. मार्च १९७३ मध्ये निक्सन यांनी गोमांसाच्या दरावर कमाल मर्यादा घातली. उन्हाळ्यात इतर मालावरचा गोठवलेला दर सुटला, गोमांसाचा सप्टेंबरपर्यंत लांबला. दर सुटण्याची वाट पाहत लोकांनी तयार जनावरं रोखून धरली. तयार जनावर दर दिवशी खातं जास्त आणि वाढतं कमी, वर चढते ती चरबी. त्यात १९७२ च्या सोव्हिएत खरेदीनंतर धान्य महागलेलं. बंधन उठल्यावर अतिवजनाची जनावरं एकदम बाजारात आली आणि भाव कोसळला. शिकागोत जिवंत गुरांचे वायदे १९६४ पासून होते, पण हेजिंग (वायद्यात आधीच भाव बांधून जोखीम कमी करणं) केलेले थोडेच.

रवंथ
सगळं श्रेय टेक्ससला देऊ नका. कोलोरॅडोत ग्रीलीला वॉरन मॉनफोर्ट यांनी १९३० च्या आसपास वर्षभर गुरं पोसायला सुरुवात केली होती. कान्सासमध्ये गार्डन सिटीला अर्ल ब्रूकओव्हर यांचा वाडा १९५१ चा. टेक्ससमधल्या हेरफोर्डला पॉल एंगलर १९६० मध्ये आले. पॅकर त्यांच्या मागून आले. आयबीपी या पॅकर कंपनीने १९६७ मध्ये नेब्रास्कातल्या डाकोटा सिटीला खोक्यातलं मांस सुरू केलं. हाडं-चरबी कारखान्यातच काढून टाकली की कारखाना गिऱ्हाइकाजवळ असण्याची गरज उरत नाही, जनावरांजवळ असलेला बरा.

गव्हाण
बरोबर. एक व्यावहारिक भर घालतो: नवीन आलेल्या जनावराला लगेच धान्य नको. सुरुवातीला ४०-४५ टक्के चारा, मग तीन-चार टप्प्यांत, साधारण तीन आठवड्यांत ८-१० टक्क्यांवर. गव्हाण पहाटे तपासायची. चाटून साफ असेल तरी लगेच दोन किलो वाढवू नका, अर्धा किलो वाढवा आणि दोन दिवस थांबा. वादळात जनावरं खाणं सोडतात आणि दुसऱ्या दिवशी तुटून पडतात, आम्लतेचे सर्वाधिक बळी तेव्हाच. १९७५ मध्ये मोनेन्सिन या खुराकात मिसळायच्या औषधाला परवानगी मिळाली, त्याने ही खादाडी थोडी आटोक्यात आली, पण गव्हाण पाहून खुराक ठरवणारा माणूस अजून बदललेला नाही.