दोरखंड तोडणाऱ्या पॉपायच्या चित्रात जोर कसा आणावा?

प्रश्न: पालक खाल्ला की अचाट बळ येणारा कार्टूनमधला खलाशी पॉपाय, त्याचा दांडगा वैरी ब्लूटो याने खांबाला करकचून बांधलेला असताना, पालक खाऊन दोरखंड तोडतो, तो क्षण मी शाईने रेखाटतो आहे, परंतु तिसऱ्या प्रयत्नातही दोर अंगाभोवती नुसता गुंडाळल्यासारखा दिसतो. माझे काय चुकत असावे?

उत्तर १: दोर अंगात रुतलेला दाखवा. जिथे वेढा पडतो तिथे सदऱ्याला चुण्या पडतात आणि वेढ्याच्या वर-खाली मांस फुगून येते. शिवाय दोर एका झटक्यात तुटत नाही. आधी पीळ उकलतो, बाहेरचे तंतू एकेक करून ताठ उभे राहतात आणि शेवटी मधले दोन-तीनच धागे भार पेलत असतात. मी स्वतः सुंभाचा तुकडा ताणून हे पाहिले आहे. माझ्या मते तोच क्षण रेखाटावा, कारण तुकडे उडाल्यानंतर ताण संपलेला असतो.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे. मात्र दंड फुगवू नका. ई. सी. सेगर यांनी १९२९ मध्ये हा खलाशी चित्रपट्टीत आणला, तेव्हापासून बारीक दंड आणि त्यापुढे कोपरापासून मनगटापर्यंतचा अवाढव्य हात हीच त्याची ओळख आहे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. हात बांधलेले असताना पालक तोंडात कसा जावा?

उत्तर २: चिलमीतून. फ्लायशर स्टुडिओच्या पॉपायपटांत तो कितीदा तरी चिलमीनेच पालक ओढून घेतो.