मदत हवी आहे : मदतनिसाची निवड आणि देखरेख मला स्वतः करायची आहे (इंदूर)

नमस्कार.

मी इंदुरात रामबागेत राहतो, वय ४३. २०१६ साली अपघातात मानेतील सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. हात कोपरात वाकतात, मनगटे उचलता येतात, बोटे मिटत नाहीत आणि छातीखाली संवेदना नाही. घरी बसून काही व्यापाऱ्यांच्या जीएसटीचे व हिशेबाचे काम करतो. पत्नी शाळेत शिकवते, आई ७६ वर्षांची आहे. सकाळी आठ ते रात्री आठ मला एक मदतनीस लागतो. आठ वर्षे एकच जण होता आणि तो इतका सरावला होता की मला तोंडाने काही सांगावे लागत नसे. गेल्या दिवाळीत तो शेती सांभाळायला गावी परतला. तेव्हापासून एजन्सीमार्फत पाच जण येऊन गेले. आता सहाव्याची निवड मी स्वतः करायचे ठरवले आहे आणि त्यासाठी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

अडचण नेमकी कळावी म्हणून एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या मदतनिसाचा तो चौथा दिवस होता. दुपारी तीनच्या सुमारास माझे डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला आणि कपाळावर घाम डवरला. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असते, त्यांना हे चांगले ठाऊक असेल. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मूत्राशय तुंबले, पोट साफ झाले नाही किंवा कुठे काही रुतले, तर ते आम्हाला जाणवत नाही, पण रक्तदाब झपाट्याने चढतो आणि वेळेत उतरला नाही तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब उठवून बसवायचे, घट्ट कपडे सैल करायचे आणि सर्वांत आधी कॅथेटरची, म्हणजे लघवी पिशवीत नेणारी, नळी तपासायची असते. त्या मुलाने ‘बीपी लो हो गया भैया’ म्हणत मला आडवे केले आणि पायांखाली दोन उशा सरकवल्या, म्हणजे करायला हवे होते त्याच्या बरोबर उलट केले. ‘नली देखो, नली’ असे मी तीनदा म्हणालो. तो मात्र माझ्याकडे पाठ करून एजन्सीला फोन लावत होता. शेवटी आईने येऊन पलंगाचा दांडा फिरवला, माझी पाठ उभी केली आणि मांडीखाली दुमडलेली नळी सरळ केली. रिकामी पिशवी भराभर भरली. एरवी माझ्या रक्तदाबाचा वरचा आकडा शंभराच्या आसपास असतो, तो त्या वेळी १७० होता.

त्या मुलाला मी फारसा दोष देत नाही. ‘लकवे का पेशेंट है, बस बैठना है’ एवढे सांगून त्याला पाठवले होते. महिन्याला मी १८,००० रुपये भरत होतो आणि त्याच्या हातात त्यांतले ११,००० पडत होते, हे मला नंतर त्याच्याकडूनच कळले. मला खरे लागले ते वेगळेच. तक्रार केल्यावर सुपरवायझर घरी आले आणि मी समोर बसलेला असताना त्यांनी पत्नीला विचारले, ‘पेशेंट चिडचिड तो नहीं करता?’ करार पत्नीच्या नावाने, फोन पत्नीला, नवा माणूस कधी येणार हेही पत्नीलाच सांगायचे. ज्याच्या शरीराला दिवसभर हात लागणार, त्याला विचारावे असे कोणालाच वाटले नाही.

म्हणून विचारतो. एजन्सी सोडून थेट माणूस ठेवावा, तर तो अचानक न आल्यास काय करावे? पाहायला आलेल्या माणसाला काय विचारावे आणि काय करून दाखवायला सांगावे, की ज्यावरून त्याची पारख होईल? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, ज्याला त्याची चूक सांगायची, त्याच्याच हातांवर दहा मिनिटांनी माझा सगळा भार असतो; त्यामुळे मी बहुतेक वेळा गप्प राहतो आणि मग महिनाभर साठलेले एकदम बाहेर पडते. हे आपण कसे सांभाळता?

कायद्याबद्दलही एक विचारायचे आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात ‘उच्च आधार’ या संज्ञेच्या व्याख्येत रोजच्या कामांतील मदतीबरोबरच स्वतंत्रपणे आणि सर्व माहिती घेऊन निर्णय करण्यासाठी लागणारी मदतही धरली आहे. कलम ३८ प्रमाणे त्यासाठी अर्ज करता येतो, आणि कलम २४ मध्ये मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. मध्य प्रदेशात असा अर्ज कोणी केला असल्यास अनुभव अवश्य लिहावा. निरामय विमा मात्र कृपया सुचवू नये. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. जुन्या करपद्धतीतील तीव्र अपंगत्वाची १,२५,००० रुपयांची वजावट मी घेतो, पण ती ठोक असल्याने मदतनिसाच्या पगाराने तीत काही फरक पडत नाही.

प्रतिसाद १ (वडोदरा)

दादा, मी दांडिया बाजारात राहते. मला स्नायूंचा आजार आहे आणि अकरा वर्षांपासून मी स्वतः बायका ठेवते. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मी त्यातच सर्वांत जास्त चुकले. अंगावर हात असताना, म्हणजे उचलताना, आंघोळीत किंवा कपडे बदलताना, नाराजी कधीही बोलू नये. मी शनिवारी संध्याकाळी काम आटोपल्यावर, खुर्चीत नीट बसून, चहा घेत बोलते. आठवडाभरात जे खटकले ते एका वहीत लिहिलेले असते, आणि तिचे म्हणणे मी आधी ऐकते. याच बैठकीत मला कळले की माझी चादर ओढताना तिच्या कमरेत कळ येत होती. मग आम्ही उचलण्यासाठी सरकफळी घेतली.

बारा तासांचा एकच माणूस ठेवण्यापेक्षा सहा-सहा तासांच्या दोघी ठेवा. थोडे महाग पडते, पण एक आली नाही तर दुसरीला आपले सगळे माहीत असते. सुरुवातीचे तीन दिवस पूर्ण पगार देऊन चाचणीचे ठेवा. पगार खात्यात टाका, उचल दिली तर दोघांच्या सहीने लिहून ठेवा. करारात कामे जशी लिहिता तशी न करायची कामेही लिहा. माझ्या सासूबाई पूर्वी तिला भाजी आणायला पाठवत आणि मी तासभर एका कुशीवर पडून राहत असे. आता घरात एकच नियम आहे की तिला काम मीच सांगणार. सासूबाईंना पहिल्यांदा वाईट वाटले. त्यांना मी तो तास समजावून सांगितला.

प्रतिसाद २ (इंदूर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. येणाऱ्याला प्रमाणपत्र विचारा, पण त्यावर विसंबू नका. रिकामी व्हीलचेअर पुढे करून ‘मला यात बसव’ एवढेच म्हणा. जो आधी ब्रेक लावतो, पायटे बाजूला करतो आणि ‘आपको कैसे उठाते हैं?’ असे आपल्याला विचारतो, त्याला ठेवावे. हात लावण्यापूर्वी न विचारणारा कितीही धष्टपुष्ट असला तरी घेऊ नये. डिसरिफ्लेक्सियाच्या चार सूचना हिंदीत मोठ्या अक्षरांत पलंगाशी लावा आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडून प्रत्यक्ष करून घ्या. ओळखपत्राची प्रत घेऊन जवळच्या ठाण्यात पडताळणीही करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. काल दोघांना बोलावले होते. पहिल्याने खुर्ची पाहताच मला काखेत धरले. दुसरा अलीराजपूरकडचा आहे. त्याने ब्रेक लावला, मग खाली वाकून माझी पिशवी आणि नळी पाहिली आणि विचारले, ‘ये किधर से निकालूँ, भैया?’ सोमवारपासून तो सकाळचे सहा तास येईल. होळीआधी भरणाऱ्या भगोरियाच्या आदिवासी जत्रेसाठी आठ दिवस गावी जाणार, हे त्याने आजच सांगितले, आणि करारात ते तसेच लिहिले आहे. रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा संध्याकाळचा माणूस जवळपासचाच शोधतो आहे. करारावर अंगठ्याचा ठसा मी माझा उमटवला.

ताई, एक राहिलेच. आपल्याकडच्या दोघी मदतनिसांसाठी वही एकच असते की वेगवेगळी? एकीबद्दल लिहिलेले दुसरीने वाचले, तर त्यांच्यात कधी कटुता येत नाही का?